वाळूजचा जुना टेस्ट सर्व्हर: आयडीएल वाचणाऱ्या साधनांच्या शोधाचं एक प्रकरण

वाळूज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात दुचाकींचे सुटे भाग बनतात. माल बाहेर पडण्याआधी प्रत्येक भाग टेस्ट बेंचवर चढतो. तिथे दाब, तापमान आणि गळती मोजली जाते आणि आकडे एका सर्व्हरवर जमा होतात. सर्व्हर सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला, बाहेरच्यांशी कॉर्बामधून, म्हणजे वेगवेगळ्या प्रोग्रामांना नेटवर्कवरून एकमेकांची फंक्शन्स बोलावू देणाऱ्या जुन्या व्यवस्थेतून, बोलणारा. तो बनवणारी मंडळी केव्हाच पांगली आणि त्याचा सोर्स कोड कारखान्याकडे कधी आलाच नाही. हाताशी उरलं ते एवढंच: चालू सर्व्हर, आकडे दाखवणारा जावातला डेस्कटॉप प्रोग्राम आणि एका सीडीवरून उतरवून घेतलेलं इंटरफेस फाइलींचं फोल्डर.

ऑफिसात नवे संगणक आले आणि तो जावा प्रोग्राम उघडेना. नव्या संगणकांवर जावा १७ होती. जावाने कॉर्बाचे भाग आवृत्ती ९ मध्येच कालबाह्य ठरवले होते आणि २०१८ साली आलेल्या आवृत्ती ११ मधून ते काढूनच टाकले. आयडीएल म्हणजे इंटरफेस लिहून ठेवायची भाषा; तिच्यावरून जावाचा कोड काढून देणारा आयडीएलजे हा कंपायलरही त्यांच्यासोबत गेला. प्रोग्रामसोबत जुनी जावा ८ बांधून दिली असती तर तो पुन्हा चालू झाला असता, आणि तेवढ्यावर भागलं असतं तर आम्ही तेच केलं असतं. पण शेंद्र्याच्या ऑरिक या औद्योगिक वसाहतीत कंपनीचं नवं युनिट उभं राहत होतं. तिथली यंत्रणा जीआरपीसीवर, म्हणजे त्याच कामाच्या नव्या पद्धतीवर, चालणार होती आणि वाळूजच्या बेंचचे आकडे तिथल्या वेब डॅशबोर्डवर चालू वेळेत दिसायला हवे होते.

अट एकच. मेंटेनन्सचे सुपरवायझर गंगापूरचे. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, "इंजिनियर साहेब, त्या डब्याला हात लावायचा नाही बरं का. तो चालतोय तोवर आपली लाइन चालते." लाइन तीन पाळ्यांत चालते, तेव्हा त्यांचं म्हणणं रास्तच होतं. म्हणजे सर्व्हर आहे तसा ठेवून त्याच्यापुढे एक ब्रिज उभा करायचा: एका बाजूला कॉर्बा, दुसऱ्या बाजूला जीआरपीसी. आणि त्यासाठी त्या फोल्डरमधल्या फाइली मुळापासून वाचायच्या.

आयडीएल फाइलीत प्रोग्राम नसतो. कुठल्या नावाची फंक्शन्स आहेत, त्यांना काय द्यायचं, ती काय परत करतात आणि कोणती चूक कळवू शकतात, एवढंच तिथे लिहिलेलं असतं. दोन शेतांच्या बांधावरच्या दगडासारखं ते काम: दगड दोघांचा, आणि कुणी एकट्याने हलवायचा नाही. कॉर्बाची आयडीएल ओएमजी या संस्थेची. कॉर्बाची पहिली आवृत्ती १९९१ सालची. आज ही आयडीएल कॉर्बापासून वेगळी काढलेली स्वतंत्र प्रमाणभाषा आहे. २०१८ च्या ४.२ आवृत्तीच्या आधाराने डीडीएस (डेटा वाटपाची व्यवस्था) आणि आरओएस २ (रोबोंसाठीची) सारख्या नव्या यंत्रणाही चालतात. त्यामुळे "जुनं तंत्रज्ञान, साधनं कुठली मिळायला" हा सूर आम्हाला सुरुवातीपासून पटत नव्हता.

फोल्डरमधल्या फाइली

बहुतेक फाइलींचं एक्स्टेन्शन आयडीएलच होतं, म्हणून सगळ्या एकाच पार्सरमधून, म्हणजे फाइल वाचून तिची रचना उलगडणाऱ्या साधनातून, काढता येतील असं वाटणं साहजिक होतं. आमचा लातूरचा सहकारी त्या एकेक उघडत होता. म्हणाला, "सर, ही फाइल बघूलालो, पण ही बाकीच्यांसारखी नाही. सगळीकडं चौकोनी कंस अन् लांबलचक आकडे हाईत." ती मायक्रोसॉफ्टच्या मिडल (एमआयडीएल) कंपायलरची आयडीएल होती. चौकोनी कंसांत यूयूआयडी हा लांब ओळख-क्रमांक, पुढे कोक्लास, परतीचा प्रकार एचरिझल्ट. अशा दोन फाइली निघाल्या, दोन्ही ओपीसीच्या. ओपीसी म्हणजे कारखान्यातल्या यंत्रांचे आकडे संगणकाला देण्याची पद्धत. तिचं पहिलं प्रमाण १९९६ चं आणि ते मायक्रोसॉफ्टच्या कॉम-डीकॉमवर बांधलेलं. कधीकाळी पीएलसीचे, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या नियंत्रकाचे, आकडे त्या वाटेने यायचे. त्याखेरीज एक्स एक्स्टेन्शनची एक फाइल होती. ती सन कंपनीच्या आरपीसीची (दूरच्या फंक्शनला बोलावण्याची आणखी एक जुनी पद्धत), आरपीसीजेन नावाच्या साधनासाठी लिहिलेली. बेंचवरचं एक मोजमाप यंत्र व्हीएक्सआय-११ प्रोटोकॉलवर चालतं आणि तो प्रोटोकॉल त्याच आरपीसीवर उभा आहे.

म्हणजे फोल्डर एक आणि इंटरफेस भाषा तीन. यातल्या एका भाषेचं साधन दुसऱ्या भाषेला चालत नाही. मिडलच्या फाइली ओएमजीच्या पार्सरला दिल्या की तो पहिल्याच चौकोनी कंसाला अडतो.

ही विभागणी आधी केल्याने निम्मं काम गळून पडलं. ओपीसीची वाट केव्हाच बंद झाली होती, हे सुपरवायझरांनीच सांगितलं. त्या फाइली बाजूला. व्हीएक्सआय-११ साठी पायथनमध्ये तयार लायब्ऱ्या आहेत, तेव्हा तिथे आयडीएल वाचायची गरजच नव्हती. उरल्या त्या कॉर्बाच्या फाइली.

शोध कुठे घ्यायचा

नुसतं आयडीएल एवढं टाकून शोधलं तर खगोलशास्त्रज्ञ वापरतात ती त्याच आद्याक्षरांची आकडेमोडीची भाषा आधी भेटते. तो पसारा बाजूला सारला तरी साधनांची एकत्र यादी असलेलं दुकान कुठे नाही. आमच्या लक्षात आलेली गोष्ट अशी: आयडीएलचे चांगले पार्सर स्वतंत्र प्रकल्प म्हणून क्वचितच जगतात. ज्या मोठ्या प्रकल्पाला ती भाषा वाचणं भागच होतं, त्याच्या पोटात ते असतात. लिनक्सला विंडोजच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या सांबाला विंडोजची आरपीसी बोलायची होती, म्हणून पर्लमध्ये लिहिलेलं पिडल तिथे आहे. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनला विंडोजचे इंटरफेस बनवायचे होते, म्हणून विडल तिथे आहे. मिडलच्या फाइली लिनक्सवर वाचायच्या तर तेच उपयोगी. आरपीसीजेन पूर्वी लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीसोबत यायचं. तिथून सनच्या आरपीसीचा कोड निघाला आणि आता ते आरपीसीएसव्हीसी-प्रोटो या वेगळ्या पॅकेजात मिळतं. म्हणून शोधायचं ते साधनाचं नाव नव्हे. ही भाषा वाचल्याशिवाय कुणाचं अडलं होतं, ते शोधायचं.

कॉर्बाच्या बाबतीत उत्तरं बरीच मिळाली. टीएओचा कंपायलर, जावातला जॅकओआरबी, केंब्रिजच्या प्रयोगशाळेतून आलेला ऑम्नीओआरबी. अँटलर या पार्सर बनवणाऱ्या साधनाच्या व्याकरणसंग्रहातही ओएमजी आयडीएलचं व्याकरण आहे. डीडीएसची साधनं आम्ही पाहून सोडली, कारण त्यांचा रोख मुख्यतः डेटाच्या प्रकारांवर असतो आणि आमच्या फाइलींत अर्धाअधिक भाग इंटरफेस, अपवाद आणि कॉलबॅकचा होता.

निवड करताना साधन कोणत्या भाषेत कोड काढून देतं हे आम्ही सगळ्यात शेवटी पाहिलं. आधी पाहिलं ते हे, की वाचून झालेलं झाड, म्हणजे फाइलीच्या रचनेचं फांद्याफांद्यांचं रूप, ते आपल्या हातात देतं का. आम्हाला एकाच फाइलीवरून चार कामं करायची होती: कागदपत्र बनवायचं, दोन आवृत्त्यांची तुलना करायची, प्रोटो फाइल (जीआरपीसीची इंटरफेस फाइल) काढायची आणि ब्रिजचा सांगाडा तयार करायचा. नुसता कोड ओकणारा कंपायलर यातलं एकही काम धड करत नाही. अँटलरचं व्याकरण झाड देतं, पण ते फक्त वाक्यरचनेचं. एखादं नाव कुठल्या मॉड्यूलमधलं, एखाद्या टाइपडेफच्या (प्रकाराला दिलेल्या दुसऱ्या नावाच्या) तळाशी खरा प्रकार कोणता, दोन स्थिरांकांच्या गुणाकारातून आलेली लांबी किती, हे सगळं आपण सोडवायचं. रेग्युलर एक्स्प्रेशनने तेच काम उरकू म्हणणाऱ्याला तर पहिलाच टाइपडेफ पाणी पाजतो.

ऑम्नीओआरबीसोबत येणारं ऑम्नीआयडीएल इथे उजवं ठरलं. त्याचा वाचणारा भाग सी प्लस प्लसमध्ये आहे आणि पुढचे बॅकएंड, म्हणजे झाडावरून हवं ते काढून देणारे भाग, पायथनमध्ये. आपण एक पायथन मॉड्यूल लिहायचं, त्यात रन नावाचं फंक्शन ठेवायचं. त्याला सोडवून झालेलं पूर्ण झाड मिळतं. नावं जुळवलेली, स्थिरांकांची किंमत काढलेली. डेबियनच्या भांडारात ते तयार पॅकेज म्हणून आहे. खरेदी विभागाने विचारलंच, "फुकट आहे म्हणता, मग बिल कुणाच्या नावानं लावायचं?" साधनं जीपीएल आणि लायब्ऱ्या एलजीपीएल या मुक्त परवान्यांखाली आहेत, हे त्यांना एका पानावर लिहून दिलं.

आमचा निर्णय पक्का झाला तो मात्र आणखी एका लहानशा सोयीमुळे: ऑम्नीआयडीएल सांगितलं तर कॉमेंट टाकून देत नाही. घोषणेच्या आधीची कॉमेंट घ्यायची की नंतरची, तेही ठरवता येतं. आमच्या फाइलींत प्रेशर हे नुसतं डबल (दशांश आकडा) होतं. ते बारमध्ये की पास्कलमध्ये हे फक्त शेजारच्या कॉमेंटमध्ये लिहिलेलं होतं. जवळपास सगळे पार्सर कॉमेंट पहिल्याच पायरीला उडवतात. एकक हरवलेला आकडा डॅशबोर्डवर दाखवण्यापेक्षा न दाखवलेला बरा.

फाइली आत घ्यायला थोडी झटापट झाली. इन्क्लूडच्या ओळींत विंडोजच्या उलट्या तिरक्या रेघा आणि कुठे मोठी अक्षरं, कुठे लहान. लिनक्सवर ती दोन वेगळी नावं ठरतात. आणि तापमानाच्या कॉमेंटमधलं अंशाचं चिन्ह लॅटिन-१ मधलं होतं. ओएमजी आयडीएलचा अक्षरसंच तोच, म्हणजे फाइल बरोबर होती. तिला यूटीएफ-८ समजून उघडणारी आमची स्क्रिप्ट अडत होती. एन्कोडिंग सांगितल्यावर सुरळीत झालं.

दोन आवृत्त्यांचा घोळ

खरं अवघड वळण पुढे होतं. मुख्य फाइलीच्या दोन आवृत्त्या निघाल्या. रीडिंग नावाच्या स्ट्रक्टमध्ये (एकत्र बांधलेल्या फील्डांच्या गटात) जुन्या फाइलीत क्रमाने स्टेशन, प्रेशर, टेम्परेचर आणि ऑपरेटर. नव्या फाइलीत स्टेशनच्या पाठोपाठ क्वालिटी नावाचं एक शॉर्ट (२ बाइटांचा पूर्णांक) घुसवलेलं. चालू सर्व्हर कोणत्या फाइलीवर बांधलाय? सांगणारं कुणी नाही, आणि फाइलींवरची तारीख सीडी लिहिल्याची.

सर्व्हरला न विचारता हे ठरवायचं तर तारेवरून काय जातंय ते पाहायचं. स्विचवर पोर्ट मिररिंग (वाहतुकीची नक्कल दुसऱ्या पोर्टवर) लावून वायरशार्क या नेटवर्क पाहणाऱ्या साधनाने जुन्या क्लायंटची देवाणघेवाण पकडली. कॉर्बाच्या संदेशांत फंक्शनचं नाव साध्या अक्षरांत असतं, ते लगेच दिसतं. पण आतले आकडे सीडीआर या कॉर्बाच्या बाइट मांडणीच्या पद्धतीने भरलेले असतात आणि सीडीआर स्वतःबद्दल काहीच सांगत नाही. कुठे लाँग संपला आणि कुठे डबल सुरू झाला, हे आयडीएल हातात असेल तरच कळतं. इथे ऑम्नीआयडीएलचं झाड पुन्हा कामी आलं. वायरशार्कच्या प्रकल्पात आयडीएल२डब्ल्यूआरएस नावाचं साधन आहे. ते ऑम्नीआयडीएलचाच एक बॅकएंड वापरतं आणि आयडीएल फाइलीवरून वायरशार्कसाठी संदेश उलगडणारा सी कोड काढून देतं. आम्ही दोन्ही आवृत्त्यांचे उलगडे बनवले आणि एकाच पकडलेल्या संदेशांवर आळीपाळीने चालवले.

एका रीडिंगच्या उत्तरात दोन्हींनी दाब सारखाच दाखवला. तापमान सारखं, ऑपरेटरचं नावही सारखं. दोन्ही बरोबर कसे?

उत्तर सीडीआरच्या मांडणीत आहे. तिथे ८ बाइटांचा डबल ८ च्या पटीतल्या जागेवरच सुरू व्हावा लागतो. आमचा सर्व्हर कॉर्बाच्या जीआयओपी या संदेश-प्रोटोकॉलची १.२ आवृत्ती बोलतो आणि त्यात उत्तराचा मजकूरही ८ च्या पटीवर सुरू होतो. स्टेशनचा लाँग ४ बाइटांचा. जुन्या फाइलीप्रमाणे त्यापुढचे ४ बाइट रिकामे भरणीचे आणि मग ८ व्या जागी दाब. नव्या फाइलीप्रमाणे क्वालिटीचे २ बाइट नेमके त्याच रिकाम्या जागेत बसतात, त्यापुढे २ रिकामे, आणि दाब पुन्हा ८ व्या जागीच. नवं फील्ड भरणीत लपलं होतं.

मग पूर्ण पाळीच्या रीडिंगांची यादी मागणारं फंक्शन पाहिलं. यादीच्या सुरुवातीला किती नोंदी आहेत तो ४ बाइटांचा आकडा येतो. त्यामुळे पहिल्या नोंदीचं स्टेशन ४ थ्या जागेवर सुरू होऊन ८ व्यावर संपतं. जुन्या फाइलीप्रमाणे दाब लगेच तिथे, ८ व्या जागी. नव्याप्रमाणे आधी क्वालिटी आणि दाब सरकून १६ व्या जागी. जुन्या आवृत्तीच्या उलगड्याने पहिल्याच नोंदीत दाब म्हणून शून्याच्या आसपासचा निरर्थक आकडा दिला आणि पुढची सगळी नावं विस्कटली. नव्या आवृत्तीने अख्खी यादी स्वच्छ वाचली. सर्व्हर नव्या फाइलीवर आहे हे तिथे पक्कं झालं.

फक्त एकेका रीडिंगवर चाचणी करून ब्रिज बसवला असता तर तो कित्येक आठवडे व्यवस्थित चालला असता आणि पाळीचा अहवाल पहिल्यांदा मागितल्यावर उताणा पडला असता. म्हणून अशा जुन्या व्यवस्थेत यादी परत करणारं फंक्शन आधी तपासावं, असं माझं मत आहे.

प्रोटोमध्ये उतरवताना

ओएमजी आयडीएलवरून प्रोटो फाइल काढून देणारा तयार कन्व्हर्टर आम्ही वापरला नाही. कारण तो मिळाला असता तरी जे ठरवायचं ते माणसानेच ठरवायला लागतं. साधे प्रकार आपोआप जातात. प्रोटोमध्ये १६ बिटांचा पूर्णांक नाही, तिथे ३२ बिटांचा घ्यायचा आणि मर्यादा ब्रिजने तपासायची. यादीच्या आत यादी प्रोटोला चालत नाही, मधे एक मेसेज घालावा लागतो. प्रोटो३ मध्ये इनमचं (ठरावीक नावांच्या यादीचं) पहिलं मूल्य शून्यच हवं. आमच्या आयडीएलमध्ये पहिलं नाव पास होतं, तेव्हा शून्यावर अज्ञात असं वेगळं मूल्य टाकलं. नाहीतर न भरलेलं फील्ड पास म्हणून गेलं असतं, आणि टेस्ट बेंचवर त्याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको.

आउट आणि इनआउट पॅरामीटर उत्तराच्या मेसेजमध्ये गेले. कॉर्बाचे अपवाद जीआरपीसीच्या स्टेटसमध्ये तपशिलासह बसवले. सर्व्हर क्लायंटला उलटा कॉल करून नवं रीडिंग कळवायचा, तिथे सर्व्हर-स्ट्रीम आली, म्हणजे एका मागणीवर सर्व्हर उत्तरं पाठवत राहतो.

ऑब्जेक्ट रेफरन्सवर मात्र खल झाला. जुन्या रचनेत स्टेशन मागितलं की दुसरा जिवंत ऑब्जेक्टच हातात येतो आणि पुढचे कॉल त्याच्यावर होतात. जीआरपीसीत असं काही नाही. आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं की ब्रिजने प्रत्येक ऑब्जेक्टला तात्पुरता क्रमांक द्यावा. त्यापेक्षा प्रत्येक कॉलमध्ये स्टेशनचा नंबरच पाठवावा, ऑब्जेक्ट ब्रिजने आतल्या आत सांभाळावा, हे मला सोपं वाटलं आणि तेच केलं. शेंद्र्याच्या टीमला कॉर्बा हा शब्दही ऐकावा लागला नाही.

फील्डचे क्रमांक आम्ही बॅकएंडला दर वेळी नव्याने मोजू दिले नाहीत. प्रोटोबफमध्ये, म्हणजे प्रोटो फाइलींमागच्या व्यवस्थेत, तारेवर नाव जात नाही, क्रमांक जातो. एकदा दिलेला क्रमांक बदलला की जुने क्लायंट चुकीचं वाचतात. म्हणून क्रमांकांची एक फाइल वेगळी ठेवली आणि बॅकएंड त्यातूनच उचलतो. ती हाताने कुणी बिघडवू नये म्हणून बफ नावाच्या साधनाची सुसंगती तपासणी लावली. मागच्या आवृत्तीशी मोडणारा बदल दिसला की बिल्ड तिथेच थांबतं. प्रोटोची बाजू या बाबतीत सुखाची आहे. तिचा कंपायलर वाचलेलं झाड डिस्क्रिप्टरच्या रूपात फाइलीत लिहून देतो, आणि प्लगइन लिहायचं तर तेच झाड इनपुटवर मिळतं.

ब्रिज पायथनमध्येच लिहिला, ऑम्नीओआरबीच्या पायथन बाजूवर.

आयडीएलमध्ये नसलेलं

ब्रिज लागल्यावर पहिला धक्का दिला तो एमआयडीसीतल्या विजेने. वीज गेली, यूपीएस दमला, सर्व्हर पुन्हा उठला आणि ब्रिजला प्रत्येक स्टेशनवर ऑब्जेक्ट अस्तित्वात नाही असा अपवाद मिळू लागला. सर्व्हर देत असलेले रेफरन्स तात्पुरते होते, रीस्टार्टनंतर मेलेले. रेफरन्स किती काळ टिकतो हे आयडीएलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं, आणि ते कुठलाही पार्सर काढून देणार नाही. आता ब्रिज हा अपवाद दिसला की नावावरून ऑब्जेक्ट शोधून देणाऱ्या नेमिंग सर्व्हिसकडे जाऊन सगळे रेफरन्स नव्याने घेतो.

दुसरी गोष्ट नावांची. शेंद्र्याच्या डॅशबोर्डवर ऑपरेटरचं नाव देवनागरीत हवं, अशी मागणी शॉप फ्लोअरवरून आली. जुन्या आयडीएलमध्ये ऑपरेटर हे साधं स्ट्रिंग आहे, वाइड स्ट्रिंग नाही, आणि सर्व्हर लॅटिन-१ च्या पलीकडचं काही घेत नाही. तिथे तर बदल करायचाच नव्हता. मग बेंचवर ऑपरेटर नावाच्या जागी स्वतःचा टोकन नंबर टाकतात आणि ब्रिज स्वतःच्या यादीतून देवनागरी नाव जोडतो. ही यादी अजून हातानेच भरावी लागते. ठेकेदाराचा नवा माणूस पाळीवर आला की डॅशबोर्डवर एक-दोन दिवस नुसता टोकन नंबर झळकतो, आणि सुपरवायझरांचा फोन येतो.